हातापुरती भूल

मंठ्याच्या रस्त्यावर गाडी घसरली अन् माझ्या उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडली. चूक त्या मेल्या खडीची; पण भेटायला येणारा प्रत्येक जण 'हळू चालवावं माणसानं' म्हणून मलाच शहाणपण शिकवत होता. जालन्याच्या डॉक्टरांनी 'ऑपरेशन' हा शब्द काढला अन् मला थोरला भाऊ दिसायला लागला.

त्याचाही हातच होता. मळणीयंत्रात सापडलेला. त्याला पूर्ण भूल दिली, तो झोपला, अन् उठलाच न्हाई. दवाखान्यात काही सांगितलंही असेल, पण त्या रडारडीत ऐकतंय कोण? घरात एवढंच राहिलं की भुलीनं नेला. तेव्हापासून मी झोपलो की माय नाकाशी बोट धरून बघायची. मला लेकरं झाली तरी धरायची. मी खेकसायचो, "जित्ता हाय गं माय!" तिला कधी हसू आलं न्हाई.

ऑपरेशनच्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या अन् दोन्ही भुली समजावून सांगितल्या. पूर्ण भुलीत काहीच कळत न्हाई, घशात नळी घालून श्वास यंत्रावर ठेवतात. हातापुरती दिली तर गळ्याच्या हाडाजवळ सुई, माणूस जागा, हात तेवढा मेलेला. अन् नंतरही बराच वेळ दुखत न्हाई. "पण कधी ती बराबर चढत नाही," त्या म्हणाल्या, "मग पूर्ण द्यावी लागते."

"हातापुरतीच द्या," माय माझ्याआधी बोलली. "पाया पडते बाई, झोपवू नका त्येला."

"बरं. रात्रीपासून काही खाल्लं? चहा?"

"बिलकुल न्हाई," मी म्हणालो.

"चहा म्हंजे काय खाणं असतंय का?" माय म्हणाली. आमच्याकडं उपाशी माणूससुद्धा चहा पिऊनच उपाशी असतो.

"असतं, आजी. पोटात दुधाचा चहा असला अन् माणूस पूर्ण भुलीत गेला, तर तो उलटून छातीत उतरतो. जीव जाऊ शकतो. म्हणून हातापुरती द्यायची तरी पोट रिकामंच लागतं."

भावाच्या ऑपरेशनच्या सकाळी घरून चहाचा थर्मास भरून मायच गेल्ती. मला ते आठवलं. तिच्याकडं पाहायची माझी हिंमत झाली न्हाई.

आत सुई दिल्यावर हात जड झाला, मंग नाहीसाच झाला. मला वाटत होतं तो छातीवर दुमडलेला आहे. तेवढ्यात नर्सनं एक हात वर उचलला, औषधानं पिवळा झालेला, मनगटातून लोंबणारा. तो माझा न्हवताच. भावाचा होता. देवाशपथ सांगतो, मी मान फिरवली ती शेवटपर्यंत तिकडं केली न्हाई. पडद्यापलीकडं ड्रिल घरघरत होतं अन् मी उगाच नर्सला पाऊसपाणी विचारत होतो, जागा राहावं म्हणून.

बाहेर आणलं तेव्हा माय खाटेवर टेकली. पट्ट्यांत गुंडाळलेला माझा हात तिनं मांडीवर घेतला अन् उघड्या बोटांवरून हात फिरवला.

"कळायलं का तुला?"

"काहीच न्हाई."

तिनं मान खाली घातली अन् त्या हाताशीच बोलायला लागली. "त्या दिवशी म्याच चहा पाजला रं राजा. घाबरलं लेकरू म्हणून पाजला. इचारलं तर खाल्लं न्हाई म्हण, म्याच सांगितलं. तू माझं ऐकलंस."

"तुला कुठं ठावं होतं, माय?" मी म्हणालो. तिनं वर पाहिलं न्हाई. ती माझ्याशी बोलतच नव्हती. मला तिचा हात दाबायचा होता, घट्ट. डाव्या हाताला सलाईन बांधलेलं. उजव्याला मी सगळा जीव एकवटून सांगितलं. तिच्या मांडीवरची बोटं हलली न्हाईत.