सारवून गेलेली गोधडी

बायको गेली तेव्हा तिची गोधडी जमिनीवर होती. शिवलेली नव्हती, नुसती आखलेली. मधल्या खोलीच्या शेणानं सारवलेल्या भुईवर तिनं पांढऱ्या खडूनं रेघा ओढून ठेवल्या होत्या. कोणता तुकडा कुठं बसेल, किती तिरपा जाईल, सगळं तिथंच. आम्ही घरातली माणसं त्या रेघा चुकवून भिंतीच्या कडेनं चालायचो.

तेरवीच्या आधी शेजारच्या बायकांनी घर सारवलं. सुतक फिटायचं तर सारवावंच लागतं, त्यात कोणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. मी तलावाकडून आलो तर भुई ओली, हिरवट, गुळगुळीत. एक रेघ नाही. बायका हात धुवत होत्या. मी सवयीनं भिंतीच्या कडेनंच आत गेलो. बोलून काय परत येणार होतं?

तिची नेसती लुगडी रीतीप्रमाणे गेली, काही नदीत, काही गरजवंत बायकांना. कापलेले तुकडे मात्र टोपलीत राहिले. बायकांना त्या चिंध्या वाटल्या असतील, म्हणून वाचल्या.

ही गोधडी काही आमच्याकडे होते तशी नव्हती. आमच्याकडच्या गोधडीत जागा मोकळी सोडत नाहीत, मिळेल तो तुकडा ठोकायचा. त्या वर्षांत गावोगाव बचत गट नवे नवे निघाले होते. चंद्रपूरहून शिवण शिकवायला एक तरुण बाई यायची. तिनं नव्या पद्धतीच्या गोधडीचं चित्र दाखवलं. तुकडे मोजकेच, अर्धीच्या वर जागा कोरी, एखादी पट्टी वाकडी आणि एक रंगीत तुकडा सगळ्यांपासून लांब, एकटाच. गटातल्या बायका हसल्या. माझी तर सगळ्यांत जास्त हसली म्हणे. आणि मग घरी येऊन पेटी उघडून बसली.

पेटीत तिच्या माहेरचं कापड होतं. तिचे भाऊ ऐनाच्या झाडांवर कोशाचे, रानरेशमाचे किडे पाळायचे आणि गावातला कोष्टी मागावर कापड विणायचा. कोशाचं मातकट पिवळं कापड, करवती काठाची एक जुनी गडद पट्टी आणि सुती पांढरं जाड कापड, मोठं. हे तिनं कापायला काढलं. लेक ऊर्जानगरला, जावई तिथं कंत्राटावर कामाला. लेकीला दिवस गेले होते. गोधडी तिच्या लेकरासाठी.

मी धीवर माणूस, आयुष्य जाळ्यात गेलं. चौथीत शाळा सुटली. मला ते आखणं काही समजत नव्हतं. संध्याकाळी तलावावरून आलो की उंबऱ्यात उभा राहून पाहायचो. ती भिंतीला टेकून, तोंड दाराकडे करून बसलेली असायची, उजेड दारातूनच येतो म्हणून. एकदा मी म्हटलं, "इतकी जागा रिकामी काऊन ठेवून राह्यली? कापड सरलं का?"

ती मान वर न करता म्हणाली, "तुमी तलावात सगळीकडेच जाळं टाकता का?"

रंगीत तुकडा तिनं लाल घेतला, माझ्या गमछ्यातून कापून. गमछा जुना होता, पण माझा होता. मी कुरकुर केली तर म्हणाली, "डोक्यावर भोक घेऊन फिरून राह्यले होते. भोक तुमाले ठेवलं, बाकीचं मी घेतलं."

असं बोलणारी बाई. तापानं गेली. धानोऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत होती, परत आणली तेव्हा नव्हती.

त्यानंतर मला घरात बसवेना. तलावावर जायचो, डोंगा सोडायचो, जाळं न टाकताच परत यायचो. घरी आलो की चहा ठेवायचो आणि तो उकळायच्या आत तलावाच्या बांधावर, पाळीवर जाऊन उभा राहायचो. मच्छीमार सोसायटीतले लोक म्हणायचे, भाऊ, घरी बसा जरा. कुठं बसू? जिथं बसावं तिथं ती नव्हती.

एका सकाळी टोपली ओढून खोलीच्या मधात आणली आणि तुकडे भुईवर टाकले. मला एवढंच पाहिजे होतं, लेक लेकरू घेऊन येईल तेव्हा तिच्या आईनं आखलेली गोधडी घरात असावी. माझ्या मनची नको. तिची, जशी होती तशी.

आठवण मला पक्की होती. गडद करवती पट्टी वरच्या बाजूला आडवी. तिच्यापासून कोशाची एक बारीक पट्टी तिरपी होऊन वर कडेला गेलेली. खाली सगळं पांढरं. लाल तुकडा डावीकडे, गडद पट्टीला खालून लागलेला. तसंच मांडलं. आणि मांडल्याबरोबर वाटलं, चुकलं. लाल तुकडा पट्टीखाली लोंबकळत होता, झाडाला टांगलेल्या घरट्यासारखा. असं वेडंवाकडं ती करणार नाही. उचललं, दुसरीकडे ठेवलं. ते तर आणखीच परकं वाटलं. परत पहिल्या जागी.

शिवणाच्या बाईकडे गेलो. गटातल्या बायकांत एक म्हातारा जाळंवाला सुई मागायला आला म्हणून जरा हसणं झालं. एकीनं विचारलं, भाऊ, आता मासोळ्यांना पण झंपर शिवता का. मी म्हटलं, तुले पुरून उरलं तर त्यांनाही शिवतो. पण बाईनं नीट दाखवलं. मागावरचं कापड सैल असतं, कडेच्या दशा सुटतात, म्हणून शिवणीत जास्त दाबायचं. आणि सरळ कापायचं असेल तर कात्री चालवायच्या आधी कापडातला एक धागा ओढून काढायचा. धागा निघाला की त्याची बारीक वाट दिसते, त्या वाटेनं कापायचं. हे मला आवडलं. त्या दिवशी उरलेलं सगळं कापड मी धागे ओढून ओढून सरळ केलं. पहिल्यांदाच बराच वेळ एका जागी बसलो असेन.

मग हातानं शिवायला घेतलं. आतमधी माझी दोन जुनी धोतरं घातली. आठ-दहा दिवसांत बरंच झालं आणि उचलून पाहिलं तर पांढऱ्या जागेवर सगळीकडे फुगे. बाई आली, हात फिरवला आणि म्हणाली, "काका, इतका झोल कशाला ठेवला?"

तेव्हा समजलं. जाळं दोराला बांधताना झोल द्यावाच लागतो. ताणून बांधलं तर मासा धडकून परत जातो, झोलात अडकतो. जन्मभर हात तेच करत आला. सुई धरली तरी हात जाळंच बांधत होता. प्रत्येक टाक्याला थोडंसं कापड आपोआप सोडत होता.

उसवलं. परत शिवलं. परत फुगे, थोडे कमी. परत उसवलं. उसवताना बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. शिवून झालं की उठावं लागेल, मग काय करायचं, ही भीती होती. आणि तो लाल तुकडा. तो तर मी इतक्या वेळा काढला आणि लावला की त्याच्या कडा विरल्या. बाई म्हणाली, मी तिची आखणी पाहिली होती, तिथंच होता, आता हात लावू नका. मी हो म्हटलं आणि ती गेल्यावर परत उसवला.

अवघडलेली म्हणून लेक तेरवीला आली नव्हती, ती आली लेकराचं बारसं झाल्यावर. नाका-डोळ्यानं पोरगी आजीवर गेलेली, एवढं सगळेच म्हणाले. जावई स्टँडवरूनच परत गेला, त्याची कामावरची पाळी होती. लेकीनं पाणी प्यायच्या आधीच विचारलं, आईची गोधडी कुठी हाये. मी म्हटलं, सारवली गेली. मी आठवून केली, पण नाई जमली. तुझ्या आईसारखी नाई.

"दाखवा तं."

मी आणून मधल्या खोलीत अंथरली. जिथं रेघा होत्या तिथंच. आणि सवयीनं उंबऱ्याजवळ जाऊन उभा राहिलो. लेकीनं पांढऱ्या जागेवर हात फिरवला, थोडे फुगे होतेच. म्हणाली, "बाबा, लेकरू निजवू याच्यावर, का झोलात अडकन?" मी हसलो. किती दिवसांनी, माहीत नाही.

मग ती लेकराला घेऊन भिंतीकडे गेली आणि आई बसायची तिथंच बसली. दिवाळीला आली होती तेव्हा दोघी तिथं बसायच्या, शेजारी शेजारी. बसल्यावर तिनं गोधडीकडे पाहिलं, मग वर दाराकडे पाहिलं, मग परत गोधडीकडे.

मी म्हटलं, "चुकलं ना? सांगून टाक. मी उसवतो."

"इकडं या. इथी बसा."

मी भिंतीकडून फिरून गेलो आणि तिच्या बाजूला बसलो. त्या जागी मी आयुष्यात बसलो नव्हतो, ती तिची जागा होती. इथून गोधडी उलटी दिसत होती. गडद पट्टी खाली आली होती, आमच्या जवळ. कोशाची बारीक पट्टी तिच्यापासून तिरपी होऊन आमच्या पायांकडे येत होती. वर सगळं कोरं, पांढरं. आणि लाल तुकडा उजवीकडे, पट्टीच्या वर, उभा.

लेकीनं हनुवटीनं दाराबाहेर दाखवलं. बाहेर तलावाची पाळ आडवी, काळी. पाळीवरून आमच्या अंगणात उतरणारी पायवाट, मातकट, तिरपी. पाळीच्या वर मोकळं आभाळ. संध्याकाळी मी त्याच पाळीवरून यायचो, उजवीकडून, डोक्याला गमछा.

असेल, नसेल. तिला विचारायची सोय राहिली नाही. तिनं नुसतं चित्रातलं पाहूनही केलं असेल. मी लेकीला तसं म्हटलं. ती म्हणाली, "मंग काऊन उसवून राह्यले? राहू द्या."

लेकरू गोधडीवर ठेवलं. त्यानं पांढऱ्या जागेत पाय झाडले, झोल जरासा हलला. लेक चूल पेटवायला उठली. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो, तोंड दाराकडे. पाळीवर कोणी नव्हतं. उठावंसं वाटलं, दोनदा वाटलं. लेकरानं लाल तुकड्याची विरलेली कड मुठीत धरली होती. ते सोडेपर्यंत बसलो.