डोंगरात जेवण मागायला गेले

ठाण्याच्या नौपाड्यातून आम्ही निघालो तेव्हा माझ्या पिशवीत डबा नव्हता. लग्नानंतर बिनडब्याचा हा माझा पहिलाच प्रवास. अट ह्यांचीच होती. मला नर्मदा परिक्रमेला जायचंय, आणि ह्यांचं म्हणणं, "नुसतं चालून भागत नाही. दारात उभं राहून जेवण मागावं लागतं. तुला शेजारी विरजण मागायचं तर घाम फुटतो!" म्हणून ठरलं की मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांत दिवसभर पायी हिंडायचं आणि दुपारचं जेवण अनोळखी घरी मागून जेवायचं. जमलं तर परिक्रमा, नाहीतर विषय बंद. हे स्वतः पंच म्हणून सोबत.

डोंबिवलीहून रिक्षाने पायथ्याचं गाव गाठलं आणि एकेक केळं खाऊन चालायला लागलो. पहिल्या चढावरच माझ्या छातीचा भाता झाला. हे मात्र मागून सूचना देत होते, "श्वास नाकाने घे." थोड्या वेळाने सूचना थांबल्या. वळून पाहिलं तर ह्यांच्या बुटाचा तळ सुटून लोंबत होता. तो रुमालाने बांधला आणि पुढे निघालो.

खिंडीपलीकडे पहिलं घर लागलं. अंगणात एक बाई वाल निवडत बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "ये गो बाय, भाकर खाऊन जा."

"नको नको, आत्ताच खाऊन निघालोय!" मी म्हटलं.

म्हणजे मी नव्हे, जिभेने परस्पर म्हटलं. आमच्यात पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं, मग समोरच्याने आग्रह करायचा असतो. त्या बाईला हे कोण सांगणार? तिने मान डोलावली आणि पुन्हा वाल निवडायला घेतले. मागून पंच समाधानाने खाकरले.

दुसऱ्या घरी एका आजोबांनी पाणी दिलं. "जेवलाव का?" त्यांनी विचारलं. "हो, झालं की!" मी हसून सांगितलं. पोटात कावळे ओरडत होते आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

उतारावर मुरमात घसरून मी बसलेच. पाड्यावरचं शेवटचं घर समोर होतं, त्यापुढे नुसतं रान. इथे जमलं नाही तर नर्मदा संपली. दारात एक म्हातारी उभी होती. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "मावशी, फार भूक लागलीय. जेवायला वाढाल का?"

"अगो, मंग उभी का? बस ना!" म्हातारी म्हणाली आणि ह्यांच्याकडे वळली. "दादा, तुमी?"

"नको नको, माझं झालंय," हे म्हणाले.

तिने ते खरं मानलं. तांदळाची गरम भाकरी, वालाचं बिरडं, वर मिरचीचा ठेचा. मी जेवत होते आणि हे माझ्या ताटाकडे बघत होते. ज्या माणसाने इतकी वर्षं ताट समोर आयतं आलेलंच पाहिलं, तो मागणार कसा? मला हसू आलं, आणि मग दयाही आली. "मावशी, ह्यांनाही वाढा. हे लाजतात," मी म्हटलं. ते माझ्यापेक्षा जास्त जेवले.

संध्याकाळी ठाण्याच्या बसमध्ये हे बुटाचा रुमाल पुन्हा आवळत बसले. माजिवड्याचा थांबा आला तेव्हा म्हणाले, "जा तू परिक्रमेला. शब्द म्हणजे शब्द." आणि लगेच, "पण तेवढे महिने माझ्या जेवणाचं काय?"

"आपल्या मजल्यावर आणखी तीन घरं आहेत," मी म्हटलं. "मागायचं."