मामाची गोष्ट मी ऐकली नाई

मैत्रिणींनो, दुपारपासून मन ठिकाणावर नाई, म्हणून इथी लिहून राह्यली.

मी गावची आशा सेविका. चार दिवसांआधी गावातल्या सुकलू नावाच्या पोराले मलेरिया निघाला. चौदा दिवस रोज गोळी, तेही माह्या डोळ्यांसमोर. त्याची माय म्हणाली, "बाई, माह्या भावाले हे गोळी सोसली नोती. लघवी काळी झाली होती."

"बहाणे नोको सांगू माय," म्हणून मी उभी राहून त्याले गोळी गिळायले लावली. तीन दिवस.

आज सकाळी सुकलू पिवळा पडला, धाप लागली, लघवी काळ्या चहासारखी. लगेच दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "काहींच्या रक्तात एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशांच्या रक्तपेशी या गोळीने फुटतात. हे आईकडून मुलात येतं. याच्या मामाला कधी असं झालं होतं का?"

मायनं माह्याकडे पाह्यलं. उत्तर मलेच द्यावं लागलं.

आता त्याले रक्त चढवून राह्यले, अन् मी व्हरांड्यात चकरा मारून राह्यली. माह्या फॉर्मवर सुकलूचं वय आहे, वजन आहे, बापाचं नाव आहे. मायचं म्हणणं कुठी लिहाचं, सांगा मले.