विलायतेच्या स्ट्रॉबेरीची परीक्षा, शहपुऱ्याच्या मटारात

इंग्लंडच्या मळ्यावर सहा महिने स्ट्रॉबेरी तोडायला माणसं पाहिजेत, असं कळलं त्याच दिवशी मी शहपुऱ्यापासून जबलपूरच्या मंडीपर्यंत सांगून टाकलं, "एक जागा भरली समजा." माझा हातच तसा. मी मटार तोडायला लागलो की क्रेटमध्ये पडणाऱ्या शेंगांच्या आवाजाने शेजारच्या शेतातले लोक गारपीट आली म्हणून पळतात.

बायकोनेही अर्ज भरला होता. पण घरी म्हैस दुभती, आई म्हातारी, जाणार एकच. जो जाईल त्याच्या कमाईतून, आम्ही बटाईने कसतो त्या जमिनीचा निदान एक तुकडा आमचा होणार होता.

परीक्षा मटारच्याच शेतात झाली. आमच्याकडे स्ट्रॉबेरी कुठली! प्रत्येकाला एक ओळ, अर्धा तास. विलायतेची मुकादमीण घड्याळ घेऊन बांधावर उभी. मी शेवटच्या तोडणीची रीत लावली: वेल मुळासकट उपटायचा, मांडीवर घ्यायचा, ओरबाडायचा.

"अहो, उपटून काहून राहिले?" शेजारच्या ओळीतून बायको कुजबुजली.

"तू तुझी ओळ पाहा."

वेळ संपली तेव्हा माझे तीन क्रेट, तिचा एक. मी मिशीला पीळ दिला. मुकादमीण क्रेटकडे बघेचना. माझ्या ओळीत, जिथे एक झाड उरलं नव्हतं, तिथे ती फिरून आली आणि भरती करणाऱ्या एजंटाला काहीतरी म्हणाली.

एजंट म्हणाला, "भैया, मॅडम पूछ रही हैं, कल क्या तोड़ोगे?"

स्ट्रॉबेरीचं झाड म्हणे महिनोन् महिने फळ देत राहतं. मी समजावलं, की मजुरी वजनावर असते, उद्याची काळजी मालकाची. मुकादमीण पोट धरून हसली आणि तिने बायकोचं नाव लिहिलं.

मग विलायतेहून बायकोचे फोन येऊ लागले. तिथेही मजुरी तोडीवरच. थंडीने फळ पिकलं नाही तर काम नाही, पण चाकांवरच्या पत्र्याच्या खोलीचं भाडं कापलं जातंच.

"मग ये परत!"

"परत काहून? परवा ऊन पडलं की तिघांची तोड एकटी करते मी. म्हैस दूध देऊन राहिली ना?"

"बादल्या पुरत नाहीत," मी म्हणालो. खरं तर म्हशीने मला लाथ मारली होती.

दिवाळीपूर्वी बायको परतली. तिच्या कमाईवर जमिनीच्या मालकाने अर्धा एकर मोजून दिला, कागद तिच्या नावावर. गावात मी सांगतो, मुद्दामच झाडं उपटली. नाहीतर ही बाई जायला तयारच नव्हती.