मेलडीला बसलेली लाथ

फर्गल हॅनरॅटीनं कोल्ह्याच्या पहिल्याच शिकारीत जी चूक केली, ती करायला इतरांना निदान एखादा हंगाम तरी लागतो. त्यानं ती आल्यापासून अकरा मिनिटांत केली, आणि तीही शिकार सुरू व्हायच्या आधी, बॅलीड्रमच्या पबसमोर, हातात पोर्ट वाइनचा ग्लास असताना.

शिकारी कुत्री जवळून जात असली की घोड्याचं तोंड त्यांच्याकडे ठेवायचं आणि ढुंगण भिंतीकडे. आयर्लंडमधल्या या टिपररीत हे पोरांना चालायला यायच्या आधी शिकवतात. फर्गलला एकतिसाव्या वर्षी, सहा आठवडे रोज संध्याकाळी, नोरीन स्कलीनं शिकवलं होतं. तबेला तिचा होता, आणि त्याला दिलेला बिशप नावाचा घोडाही तिचाच.

फर्गल जनावरांचा डॉक्टर. घोड्याविषयी त्याचं ज्ञान दांडगं होतं, पण ते सगळं आतलं. आतडं किती लांब, ते कुठं पिळतं, हे तो झोपेतही सांगायचा. पाठीवर बसून काय करायचं, ते अभ्यासक्रमात नव्हतं.

"त्यांना कुत्री म्हणायचं नाही, हाउंड म्हणायचं," नोरीननं बजावलं होतं. "आणि मोजायचे जोडीनं. पस्तीस असले तर साडेसतरा जोड्या."

"मग त्या अर्ध्या जोडीनं काय करायचं?"

"लेका, असलं काही तिथं विचारू नकोस. आणि मेलास तरी मास्टरीणबाईंच्या पुढं घोडा काढू नकोस, सगळी शिकार त्यांच्या हुकमात असते."

एवढा खटाटोप कशासाठी, तर दवाखान्यासाठी. गावात पाटी लावून सात महिने झाले होते आणि दारात आली होती चौदा मांजरं आणि एक पोपट. गाईवाले वीस मैलांवरून दुसरा डॉक्टर बोलवायचे, कारण फर्गल कोणाचा कोण, हे कुणाला ठाऊक नव्हतं. हिवाळाही असाच गेला तर पाटी उतरवून डब्लिनला परत, श्रीमंतांच्या पूडल कुत्र्यांची नखं कापायला. आणि पंधरा मैलांत ज्याच्या म्हणून दावणीला गाय आहे, तो शनिवारी एक तर शिकारीत घोड्यावर असतो, नाही तर मागून मोटारीतून येतो.

त्या दिवशी इग्नेशस हॅकेट मोटारीतून उतरून थेट त्याच्याकडे आला. एकशे वीस गाईंचा मालक.

"तूच तो नवा डॉक्टर ना? माझी एक गाय पहाटे व्याली, ती उठेना झालीय."

सात महिन्यांत पहिली गाय. गिऱ्हाइकाकडे पाठ कशी करायची? फर्गलनं अदबीनं बिशपला हॅकेटकडे वळवलं. घोड्याचं तोंड एकीकडे वळलं की दुसरं टोक दुसरीकडे जातं, हे त्याला शरीरशास्त्रात पहिल्या वर्षीच शिकवलेलं असणार. नेमकी तेव्हाच साडेसतरा जोड्या मागून निघाल्या. बिशपनं कान पाडले आणि लाथ झाडली.

लाथ बसली मेलडीला. कळपातली सगळ्यात लाडकी कुत्री.

कुणी शिवी दिली नाही. फर्गलला तेव्हाच कळलं की प्रकरण गंभीर आहे.

मास्टरीणबाई, मिसेस प्रेंडरगास्ट, घोडा हळूहळू चालवत आल्या. वय एकाहत्तर, दोन्ही खुबे नवे. नवऱ्याच्या अंत्यविधीला शिकारीचे बूट घालून उभ्या राहिल्या होत्या, कारण दुपारी शिकार होती.

"मिस्टर हॅनरॅटी, आता काय करायचं असतं, ठाऊक आहे?"

"घरी जायचं."

"हो. पण आधी तिचा पाय बघा."

फर्गल खाली उतरला. नोरीननं आपल्या घोड्यावरून उतरून बिशपचा लगामही हातात घेतला. हाड शाबूत होतं, कातडी मात्र चार बोटं फाटली होती. त्यानं मेलडीला उचलून हॅकेटच्या मोटारीच्या बॉनेटवर ठेवलं आणि आपल्या गाडीतून पिशवी आणवली.

"आधी फाडायचं, मग शिवायचं," कुत्र्यांचा कळप हाकणारा बॅटी लोनर्गन म्हणाला. "धंदा बरा आहे." आणि उरलेल्या सतरा जोड्या घेऊन तो निघून गेला. घोडेस्वारही गेले.

मोटारवाले मात्र हलले नाहीत. कोल्हा रोजचाच, भर चौकात टाके कुठं बघायला मिळतात?

"जरा जवळ जवळ घाल रे टाके."

"आपला जुना डॉक्टर कुसॅक असता तर काळा दोरा वापरला असता."

"कुसॅकला जाऊन तीन वर्षं झाली."

"म्हणून काय झालं? दोरा काळाच बरा."

एका बाईंनी गाढवाच्या खुराचं विचारलं. एका म्हाताऱ्यानं स्वतःच्या गुडघ्याचं. सात महिने ज्यांना त्याचा दरवाजा सापडला नव्हता, त्या सगळ्यांना त्याचा सल्ला एकदम आणि फुकट हवा होता. फर्गल शिवता शिवता उत्तरं देत राहिला. मेलडी त्याचा कान चाटत होती. तिच्या मनात काही नव्हतं.

तिसऱ्या टाक्याला चर्चच्या मागून शिंग वाजलं. कोल्हा निघाला होता. दोन्ही घोडे नाचायला लागले. नोरीन दोन लगामांना लोंबकळत उभी. गळपट्टीचं हाड मोडल्यामुळं तिनं अकरा महिने घोड्यावर पाय टाकला नव्हता. आजचा तिचा पहिला दिवस.

"सोड की बिशपला, तू जा," फर्गल म्हणाला.

"मोकळा घोडा हाउंडांमागं धावतो. तुझी आजची एक लाथ पुरे झाली."

"मग बांध कुठं तरी."

"शिंग ऐकल्यावर? लगाम तोडेल. तू शिव."

तो शिवत राहिला, ती ऐकत राहिली. शिंगाचा आवाज टेकडीपलीकडं गेला. कोल्ह्यामागची ती धाव पंचावन्न मिनिटं चालली, तीन गावं ओलांडून. कोल्हा शेवटी निसटला, आणि दहा वर्षांत अशी धाव झाली नाही, असं नंतर सगळ्यांनी नोरीनला सविस्तर सांगितलं. काहींनी दोनदा.

फर्गल घरी निघाला तसा हॅकेट म्हणाला, "हात चालतो तुझा. गाय बघून जा. घोडा आणू नकोस."

स्वारीच्या पांढऱ्या विजारीतच तो गोठ्यात गेला, कॅल्शियमची बाटली शिरेतून दिली, आणि पाऊण तासात गाय उठून उभी राहिली. हॅकेटनं तिच्याकडे बघितलं, याच्याकडे बघितलं.

"वाईट नाही," तो म्हणाला. त्याच्या बायकोलाही एवढं कौतुक कधी मिळालं नव्हतं.

सोमवारपासून फोन सुरू झाले.

"कुत्रीला लाथ घातली तो तूच ना?"

"मी नाही, घोड्यानं."

"तेच ते. कालवड लंगडतेय, ये."

प्रत्येक गोठ्यात आधी मेलडीची चौकशी व्हायची, मग जनावराची. आता तो कोणाचा कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाटी राहिली. मेलडी पाच आठवड्यांनी धावायला लागली, तसं मिसेस प्रेंडरगास्टनी फर्गललाही परत येऊ दिलं.

तेव्हा नोरीन म्हणाली, "माझी एक धाव तुझ्याकडे राहिली. कधी तरी शेताचं फाटक लावायला मी उतरेन, तेव्हा तू माझ्याजवळ थांबायचंस. पुढं काहीही चालू असो."

एकटा पडलेला घोडा स्वाराला परत चढू देत नाही, म्हणून कुणी तरी थांबायचं असतं. फर्गलनं शब्द दिला. जानेवारीत ती फाटकाशी उतरली आणि शिंग वाजलं. तो थांबला. फाटकाची कडी अडकेपर्यंत नाही, पण ती कडीपर्यंत पोचेतोवर नक्की. मग बिशप निघाला. निदान फर्गल तरी सांगताना बिशपच निघाला असं सांगतो. नोरीन दीड मैल चिखलातून घोडा ओढत आली.

मार्चमध्ये हंगाम संपला. नोरीन अजूनही त्या राहिलेल्या धावेचं नाव काढते, तेव्हा तो खाली वाकून तिच्या घोड्याचा पाय उचलतो आणि खूर फार बारकाईनं तपासायला लागतो.