मिटलेलं गाईड

परवा मालाडच्या माझ्या दुकानात रद्दीतून जुनी गाईडं आली. त्यांचा कुबट वास नाकात गेला आणि मी थेट गोवंडीच्या आमच्या खोलीत पोचलो. दहावीच्या विज्ञानाच्या पेपरच्या आदल्या दिवसाची दुपार होती.

घासाघीस करून अर्ध्या किमतीत आणलेलं गाईड मी अकरा वेळा वाचलं होतं. शेजारच्या, नर्सिंग शिकणाऱ्या शोभाताईने ते माझ्या हातातून घेऊन मिटलं. "आता हृदयाची आकृती काढ. नावं पण दे."

मी एक गोल काढला. पुढे काहीच आठवेना. तोच गोल मी पुन्हा पुन्हा गिरवत राहिलो.

"येतं मला! पाठ आहे!" मी ओरडलो.

"ओरडतोस काय रे? डोळ्यांना ओळखीचं वाटतंय, हाताला येत नाहीये. मिटून लिहिलंस का कधी?"

"कोणी सांगितलं होतं?"

अंधार पडेपर्यंत तिने गाईड मिटून माझ्याकडून एकेक आकृती काढून घेतली, चुकली की पुन्हा. विज्ञानात मी काठावर सुटलो.

वर्षभर नुसतं "वाचा, वाचा" म्हणणाऱ्या क्लासच्या सरांवरचा राग अजून गेलेला नाही. पण आज खरं सांगतो, आपल्याला काही येत नाही असा मला तेव्हाच संशय होता. गाईड मिटायची भीती वाटायची, म्हणूनच मी ते पुन्हा पुन्हा वाचत होतो.