फाइल अक्काकडे, पासवर्ड बायकोकडे

मृत्युपत्र, विम्याचे कागद, बँकखात्यांची यादी, सगळं स्कॅन करून मी एका फाइलमध्ये ठेवलं आणि तिला पासवर्ड लावला. फाइल थोरल्या बहिणीला, अक्काला पाठवली, पासवर्ड बायकोला. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात तसं समजा, असं दोघींना सांगितलं. दोघींनी मान डोलावली.

खरं कारण वेगळं होतं. वडिलांचं चिकपेटजवळचं घर विकून मी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप काढलं, तेव्हा अक्काने एक शब्द न विचारता हक्कसोडपत्रावर सही केली होती. ते मला इतकी वर्षं टोचत होतं. म्हणून मृत्युपत्रात आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटचा अर्धा हिस्सा मी तिच्या नावे लिहिला. बायकोला सांगायचं धाडस झालं नाही. मी असेपर्यंत फाइल कुणी उघडू नये, एवढंच मला हवं होतं.

गेल्या वर्षी छातीत दुखायला लागलं म्हणून मला इस्पितळात नेलं. काउंटरवर विम्याची पॉलिसी मागितली. ती फाइलमध्ये होती, आणि दोघी एकाच बाकावर शेजारी बसल्या होत्या. बायकोने फाइल मागितली नाही. मागणं म्हणजे मी जाणार हे कबूल करणं. अक्कानेही विषय काढला नाही. भाऊ इस्पितळात असताना बहीण इस्टेटीचे कागद उघडतेय, असं कुणाला वाटायला नको. शेवटी बायको मूळ पॉलिसी शोधायला रिक्षा करून घरी गेली. मला आत नेलं तेव्हा ती कपाटं उपसत होती.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी दोघींना समोर बसवून मी सगळं वाचून दाखवलं. अक्का म्हणाली, "स्वल्प, जरा हळू वाच रे." हिश्श्याची ओळ आली तशी ती खिडकीबाहेर बघू लागली.

बायको म्हणाली, "अक्कांना द्या, मी नाही म्हणणार नव्हते. पण पासवर्ड देऊन मला राखण करायला बसवलंत, आणि आत काय आहे ते सांगितलं नाहीत."

तिने फोन उचलला आणि तो पासवर्ड अक्काला पाठवून दिला. टेबलापलीकडे अक्काचा फोन वाजला. माझ्याकडे दोघींपैकी कुणीच बघितलं नाही.